गोजरचं बेट

गोजर लग्न होऊन सिद्धगडाच्या पायथ्याला आली, त्यानंतरच्या पहिल्या नागपंचमीला ती माहेरी डोळखांबकडे गेली आणि परत येताना बांबूचा कंद घेऊन आली. ओल्या गोणपाटात गुंडाळलेला, मुळांना चिकटलेल्या मातीसकट. बाप तिला सासरी पोचवायला आला होता. किन्हवलीला गाडी बदलताना त्यानं तो कंद तान्ह्या पोरासारखा मांडीवर घेतला आणि उतरेपर्यंत खाली ठेवला नाही.

बाप त्या डोंगरातल्या पाड्यांवर घरं बांधायचा, बांबूचीच. आढं बांबूचं, वासे बांबूचे, भिंतींना बांबूच्या कामट्यांचा कूड आणि त्यावर शेणमातीचा लेप. गोजर लहानपणापासून त्याच्या हाताखाली कामट्या काढायला बसलेली. कोणता बांबू तोडायचा आणि कोणता ठेवायचा, हे तिला कोणी मुद्दाम शिकवलं नव्हतं. कोवळा असेल तर तो सुकल्यावर आक्रसतो आणि चिरतो. तीन पावसाळे खाल्लेला, टिचकी मारल्यावर भरीव वाजणारा बांबू तोडायचा, तोही दिवाळी झाल्यावर, अंधाऱ्या पंधरवड्यात. मग ओढ्यात दगडाखाली दाबून ठेवायचा. त्यातला गोडवा पाण्यानं नेला की कीड लागत नाही. असा बांबू घरात पिढीभर टिकतो, असं बाप म्हणायचा, आणि त्याची बांधलेली घरं पाड्यांवर उभी होती.

सासू सकुबाईला मात्र तो कंद बघून बरं वाटलं नाही. तिच्या माहेरी घराच्या मागं बांबू लावत नसत.

“लावायचाच तर बांधावर लाव,” ती म्हणाली. “घराला लागून कशाला?”

पण वाल्मिकनं, गोजरच्या नवऱ्यानं, तोवर परसात खड्डा खणलाही होता. “आये, तिच्या बापानं एवढ्या लांबून आनलाय,” तो हसत म्हणाला. सकुबाईचं या थोरल्या पोरापुढं कधी काही चाललं नाही. ती आत गेली.

बांबू लागला. आधी दोन-चार काड्या, मग दर आषाढाला नवे कोंब, आणि गोजरची मुलगी भूमिका शाळेत जायला लागली तोवर परसात चांगलं दाट बेट उभं राहिलं. वारा सुटला की ते घरभर ऐकू यायचं. आळीतल्या बायका श्रावणात वास्ते, म्हणजे बांबूचे कोवळे कोंब, मागायला यायच्या, भाजीला. गोजर निवडून काढून द्यायची.

वाल्मिक हा एका जागी बसणारा माणूस नव्हता. भाताची कामं आटोपली की त्याचे पाय वळवळायला लागायचे. एका हिवाळ्यात त्यानं बेटातले आणि गावातल्या इतरांचे बांबू टेम्पोत भरले आणि कल्याणला नेऊन एका मुकादमाला दिले. तिथं नव्या इमारती उठत होत्या आणि प्लास्टरला, रंगाला परांची बांधायला बांबू लागत होता. बांबू उतरवून झाल्यावर परांचीवरच्या माणसाला वर दोरी पोचवायची होती. खालून कोणी जायला तयार होईना. वाल्मिक दोरी दातात धरून सरसर चढून गेला. मुकादमानं त्याला तिथंच कामावर ठेवला.

तेव्हापासून वाल्मिक शनिवारी संध्याकाळी एसटीनं घरी आणि सोमवारी पहाटे परत, असं सुरू झालं. बांबू मात्र तो आपल्याच बेटातला नेत राहिला. गोजर निवडून तोडायची, बुडख्याशी पेराच्या अगदी खाली सपाट कापायची आणि कोयत्यानं एक फुली मारायची, म्हणजे दुसऱ्यांच्या बांबूत मिसळायला नको.

“तुझी फुली पायाखाली असली ना, की भीती वाटत नाय,” वाल्मिक सांगायचा. “चवथ्या माळ्यावर उभा असतो, समोर मलंगगड दिसतो. वारा असा येतो. तुला एकदा नेतो.”

“मला नका नेऊ,” गोजर म्हणायची. “तुमी खाली उतरा तेवढं.”

सकुबाईच्या घरात दोन खोल्या. एका खोलीत सकुबाई आणि धाकटा हरेश, दुसरीत ही तिघं. वाल्मिकच्या मनात होतं की परसाच्या अंगाला स्वतःचं वेगळं घर बांधायचं. बांबूचंच. तो कल्याणला दिवसभर सिमेंटच्या भिंती बघायचा आणि रविवारी घरी आला की अंगणात काठीनं रेघा मारून खोल्या दाखवायचा. दार कुठं, चूल कुठं, भूमिकाला अभ्यासाला कोपरा कुठं. गोजर म्हणायची, दोन पावसाळे थांबा, बांबू तयार होऊ द्या. बेट दरवर्षी रिकामं होत होतं, कारण चांगला झालेला बांबू कल्याणला जात होता.

माघ महिन्यात एका सकाळी गोजर ओढ्यात उतरली होती. दगडाखाली दाबून ठेवलेले बांबू फिरवून घ्यायचे होते, पाणी सगळीकडून लागावं म्हणून. काठावर हरेश येऊन उभा राहिला.

“भावजी, आलाच तर त्या टोकाला धरा जरा,” गोजर म्हणाली.

हरेश पायातले बूट न काढता पाण्यात उतरला. बूट नवे होते, गेल्याच बाजारात घेतलेले. गोजरनं त्याच्या बुटांकडं पाहिलं, मग तोंडाकडं पाहिलं, आणि हातातला बांबू सोडून दिला.

वाल्मिकला दुपारनंतर गाडीतून आणलं. बरोबर मुकादम होता. तो अंगणात उभा राहून, टोपी हातात घेऊन, सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला. “बांबू कट्‌कन मोडला. काही कळायच्या आत झालं. बांबू त्याचाच होता, त्यानंच आणलेला. आम्ही काय करणार?” बोलताना तो कोणाच्या डोळ्यांत बघत नव्हता. पण त्या गर्दीत कोण त्याच्याकडं लक्ष देऊन बघणार?

सकुबाई पोराच्या उशाशी बसली होती. तिनं मान वर केली.

“कुठला बांबू?”

सकुबाईनं गोजरकडं पाहिलं. सगळ्या बायकांच्या देखत ती अगदी हळू आवाजात म्हणाली, “तुझ्या माहेरच्या बांबूनं माझा पोरगा खाल्ला.”

त्या वेळी गोजरलाही ते खरंच वाटलं होतं.

तेरावा झाला आणि सकुबाईनं हरेशला बेट तोडायला सांगितलं. हरेश वहिनीकडं बघत घुटमळला. गोजर म्हणाली, “तोडा. आई सांगतायत ना.” मग ती पुढच्या दारात भूमिकाला मांडीवर घेऊन बसली आणि मागून कोयत्याचे घाव ऐकत राहिली. संध्याकाळी तोडलेल्या ढिगाला आग लावली. पेरांत कोंडलेली हवा तापली आणि बांबू बार उडवल्यासारखे फुटायला लागले. प्रत्येक आवाजाला पोर दचकत होती. गोजरनं तिच्या कानांवर हात ठेवले.

त्यानंतरचं वर्ष गोजरनं कसं काढलं ते तिलाच ठाऊक. भात लावलं, कापलं, झोडलं. सकुबाईला वेळेवर भाकरी दिली. हातानं काम चालायचं आणि डोक्यात एकच. त्या शेवटच्या खेपेला पाठवलेला एकेक बांबू ती मनात पुन्हा तोडायची. एखादा कोवळा गेला का आपल्या हातून? घाई झाली होती का? टिचकी मारून बघायला विसरले का? पोरीला त्या दिवशी ताप होता, लक्ष तिकडं होतं, हे तिला आठवायचं. मग हात थांबायचा. सकुबाई पलीकडून म्हणायची, “भाकर करपली.”

दोघी एका चुलीवर जेवत होत्या, पण एकमेकींशी कामापुरतंच बोलत होत्या. वाल्मिकचं नाव घरात कोणी काढत नव्हतं. भूमिका एकदा जेवताना “बाबा” म्हणाली आणि दोघींकडं बघून आपणच गप्प झाली.

वर्षश्राद्ध जवळ आलं तेव्हा अनिलचा फोन हरेशला आला. अनिल शेजारच्या गावचा, वाल्मिकबरोबर परांचीवर कामाला होता. वाल्मिकची पिशवी अजून तिथल्या शेडमध्ये लोंबते आहे, कोणीतरी येऊन घेऊन जा, असं तो म्हणाला. हरेश म्हशीच्या औषधपाण्यात अडकला होता. गोजर म्हणाली, “मी जाते.” सकुबाईनं अडवलं नाही.

गोजर मुरबाडला आली, तिथून एसटीनं कल्याणला आणि तिथून विचारत विचारत, चालत त्या जागेवर पोचली. इमारत आता चार माळ्यांची राहिली नव्हती, पार वर गेली होती. समोरची बाजू रंगवून झालेली. मागच्या बाजूला अजून परांची होती आणि तिच्यावर माणसं रंगाचे डबे घेऊन काम करत होती. अनिल पिशवी आणायला शेडकडं गेला. गोजर परांचीच्या बुडाशी उभी राहिली.

जमिनीत रोवलेले बांबू तिच्या अगदी हातापाशी होते. पेराच्या खाली सपाट कापलेले. तिनं वाकून बुडख्यावरचं सिमेंट पदरानं पुसलं. खाली फुली होती. शेजारच्या बांबूवर फुली होती. त्याच्या पलीकडच्यावरही.

अनिल आला तेव्हा ती तशीच वाकलेली होती.

“हे बांबू?” तिनं विचारलं.

“आपलेच हायत, वयनी. तुमच्या बेटातले. मजबूत हायत म्हनून काढले नायत. बाकीचे बदलले मधी,” अनिल बोलून गेला. आणि मग आपण काय बोललो ते त्याच्या ध्यानात आलं. तो पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत राहिला.

“मंग मोडला तो कुठला?”

अनिलनं पत्र्याच्या ऑफिसकडं पाहिलं. मुकादम आत फोनवर होता. अनिलनं गोजरला सिमेंटच्या गोण्यांच्या आडोशाला नेलं.

“मोडला नाय, वयनी. दोरी सुटली. नायलॉनची जुनी दोरी, उन्हानं पार खाल्लेली. नवी द्या म्हनून वाल्मिकनंच सांगितलं होतं. गाठ सुटली आन् बांबू सरकला. तो बांबूसकट खाली आला.”

“आन् बांबू?”

“बांबूला काय झालं नाय. दुसऱ्या दिवशी उचलून परत बांधला.” त्यानं वर बोट केलं. “तो, हिरव्या जाळीच्या शेजारचा आडवा.”

गोजरनं वर पाहिलं. त्या बांबूवर एक रंगारी पाय सोडून बसला होता आणि प्लास्टिकच्या कपातून चहा पीत होता. बांबू त्याच्या वजनानं थोडा वाकला होता. गोजर त्याच्याकडं इतका वेळ बघत राहिली की तो रंगारी खाली बघून हसला आणि त्यानं हात हलवला.

वर्षभर मनावर बसलेला धोंडा आता उतरायला हवा होता. आपल्या हातून चूक झाली नव्हती, कोवळा बांबू गेला नव्हता. पण तिला हलकं वाटेना. एवढा मोठा हसरा माणूस कुजक्या दोरीच्या एका गाठीनं गेला. बाजारात कुठंही मिळणारी वस्तू. तिला तिथंच गोण्यांना टेकून खाली बसावं लागलं.

“अनिलभाऊ,” थोड्या वेळानं ती म्हणाली, “एकदा घरी येऊन हे आईंना सांगाल? माझ्या तोंडून त्यांना पटनार नाय.”

“येतो ना, वयनी. शिमग्याला गावी येईन तेव्हा येतो.”

शिमगा आला, होळी पेटली. गोजर दोन दिवस पुढच्या अंगणातलंच काम काढून बसली. अनिल आला नाही. पुढं त्याचा फोन लागेना आणि नंतर कळलं की तो पनवेलकडं दुसऱ्या कामावर गेला. गोजरनं त्याच्यावर राग धरला नाही. त्यालाही पोरंबाळं होती आणि रोज परांचीवर चढायचं होतं.

सकुबाईला तिनं कल्याणहून आल्याच दिवशी सगळं सांगितलं होतं. दोरीचं, फुलीचं, चहा पिणाऱ्या रंगाऱ्याचं. सकुबाई पिशवीतला वाल्मिकचा सदरा हातात घेऊन ऐकत होती. ऐकून झाल्यावर तिनं सदऱ्याची घडी घातली.

“तू तर असंच सांगशील,” ती म्हणाली. “तुझ्या बापाचा बांबू.”

सदरा तिनं आपल्या उशाखाली ठेवला. गोजर परसात जाऊन उभी राहिली. तिथं पावसानं मातीत मुरलेली काळी राख होती आणि जळके बुडखे होते.

पहिल्या पावसाळ्यात तिथं काही उगवलं नव्हतं, पण या आषाढात त्या राखेतून कोंब वर आले. वरचं सगळं जळलं तरी खाली कंद जिवंत होता. जाडजूड, टोकाला लव असलेले कोंब पहाटे इतके तर संध्याकाळी तितके दिसायला लागले. गोजरनं भोवती काट्या रोवल्या, म्हशी शिरू नयेत म्हणून. त्या श्रावणात बायका वास्ते मागायला आल्या तर तिनं पहिल्यांदाच नाही म्हटलं. सकुबाईनं मागच्या दारातून एकदा ते कोंब पाहिले. तिनं मागचं दार वापरणं बंद केलं. खरकटं पाणी टाकायला सुद्धा ती पुढून वळसा घालून जायची.

वर्षं गेली. गोजर शेतावर राबली, मुरबाडच्या बाजूला उठलेल्या फार्महाऊसांवर रोजावर गेली. तिथं एका ठिकाणी बांबूची खोपटी बांधायचं काम निघालं आणि ते शिकवायला एका संस्थेची माणसं आली होती. गोजरनं ते शिकून घेतलं. बांबूला औषधाच्या पाण्यात भिजवायचं, म्हणजे ओढ्यापेक्षा जास्त टिकतो. खांब मातीत न पुरता सिमेंटच्या पायावर उभा करायचा, म्हणजे वाळवी लागत नाही. जोडाला दोरीऐवजी बोल्ट घालायचा. हे शेवटचं तिनं फार लक्ष देऊन बघितलं. लोखंडाचा तो बोल्ट हातात घेऊन ती त्याच्या आट्यांवर नट फिरवत बसली तेव्हा शिकवणाऱ्या पोरीनं विचारलं, “मावशी, काही अडलं का?” गोजर नाही म्हणाली.

मधल्या काळात हरेशचं लग्न झालं. त्याला सरकारी घरकुल मिळालं. जुनं घर पाडून त्यानं विटांचं, वर पत्र्यांचं घर बांधलं. वाईट बांधलं नव्हतं. त्यातली एक खोली त्यानं वहिनीला दिली. पण जुन्या घराची कौलं गोजरनं मागून घेतली आणि परसात नीट रचून ठेवली. बेटातला बांबू तयार झाला होता.

घर बांधायला तिला एक हिवाळा आणि एक उन्हाळा लागला. वाल्मिकनं काठीनं मारलेल्या रेघा केव्हाच पुसल्या होत्या, पण त्या तिला पाठ होत्या. दार पूर्वेला, चूल उजव्या हाताला, खिडकीखाली भूमिकाचा कोपरा. भूमिका आता कॉलेजात जायची. सुट्टीच्या दिवशी आईबरोबर कामट्या काढायला बसायची आणि तिच्या बोटांना चिरा पडायच्या. आढं चढवायची वेळ आली तेव्हा हरेश आपणहून आला.

“वयनी, वर मी चढतो.”

“नको, भावजी. कोन चढू नका.”

गोजरनं कासोटा घट्ट केला आणि स्वतः वर गेली. खाली हरेश आणि भूमिका माना वर करून उभे होते. ती खाली उतरली. भूमिकानं तिला पाणी दिलं.

घर झालं. आळीतले लोक बघून गेले. कोणी म्हणालं, पत्र्यापेक्षा गार आहे. कोणी म्हणालं, गरिबाचं झोपडं ते झोपडंच. सकुबाई समोरच्या घरात, शंभर पावलांवरही नसेल, पण ती आली नाही. तिचे गुडघे धरले होते, हे खरं होतं. पण कारण ते नव्हतं, हे दोघींना माहीत होतं.

पुढच्या वैशाखात एका दुपारी वादळ आलं. सिद्धगडाच्या बाजूनं आभाळ काळं झालं आणि असा वारा सुटला की आंब्याच्या फांद्या अंगणातून घसरत गेल्या. हरेशच्या घराचे पत्रे आधी फडफडले, मग एकामागून एक उडाले. एक पत्रा तर विहिरीत सापडला नंतर. भिंती राहिल्या, पण घरात थांबायची सोय उरली नाही. हरेशनं आईला पाठीवर घेतलं आणि बायकोपोरांसह तो वहिनीच्या दारात आला. गोजरनं दार उघडून धरलं.

सकुबाईला खाटेवर बसवलं. ती भिजली होती. गोजरनं तिचे केस पुसले, कोरडं लुगडं दिलं, खांद्यावर घोंगडी टाकली. बाहेर वारा घुमत होता. घर वाजत होतं. वासे करकरत होते, कूड हलत होता, एका झोताला सगळं घर एका अंगाला झुकल्यासारखं होत होतं आणि परत जागेवर येत होतं. दोन-चार कौलं सरकली, तेवढंच. हरेशची पोरं भूमिकाला चिकटून बसली होती.

सकुबाई वर बघत होती.

“वाजतंय,” ती म्हणाली.

“वाजनारच, आई. वाकतो ना, म्हनून वाजतो. मोडायचा असला तरी आधी चिरत जातो, कडकड करतो. मानसाला कळतं.”

सकुबाईनं खांद्यावरची घोंगडी घट्ट ओढून घेतली. मग तिनं विचारलं, “त्या दिवशी... वाजला असंल?”

गोजर तिच्या पायाशी खाली बसली.

“नाय, आई. तो मोडलाच नाय. मोडला असता तर आधी वाजला असता, आन् त्यांना कळलं असतं. ते उतरले असते.”

पोर गेला त्या दिवशीही म्हातारी मोठ्यानं रडली नव्हती. नंतरही कोणी तिला रडताना पाहिलं नव्हतं. आता तिनं घोंगडीचं टोक तोंडात कोंबलं, पण रडणं आवरेना. गोजरनं तिचे पाय धरून ठेवले.

“मंग मी कुनाला बोलू गो?” सकुबाई म्हणाली. “इतकी वर्सं तुला बोलले. बांबूला बोलले. आता कुनाला बोलू?”

गोजरनंही तो प्रश्न स्वतःला विचारला होता, त्या सिमेंटच्या गोण्यांना टेकून.

वादळ गेलं. हरेशनं पत्रे आणले, घर पुन्हा झाकलं. आईला न्यायला तो आला तर सकुबाई म्हणाली, “राहू दे. इथं गार लागतं.” ती गोजरच्याच घरी राहिली, खिडकीखालच्या भूमिकाच्या कोपऱ्यात.

झाल्या गोष्टीची माफी तिनं मागितली नाही. गोजरनंही तशी वाट पाहिली नाही. पण त्यानंतर घरात वाल्मिकचं नाव निघायला लागलं. सकुबाई सांगायची, तो लहानपणी ताडावर चढून बसला होता आणि बापानं खालून शिव्या दिल्या तरी उतरला नाही. गोजर सांगायची, कल्याणहून येताना तो पोरीसाठी खारी घ्यायचा आणि अर्धी वाटेतच खायचा. भूमिका ऐकत बसायची. तिला बाप धड आठवत नव्हता. दोघींनी सांगितलेलं ती आपल्या मनात जोडून घ्यायची.

हे सुख म्हणावं तर फार दिवस टिकलं नाही. पौषात सकुबाईनं अंथरूण धरलं. खोकला छातीत उतरला. मुरबाडच्या दवाखान्यात नेलं, सलाईन लावलं, परत आणलं. शेवटच्या दिवसांत ती उशाखालचा सदरा शोधायची आणि तो हाताला लागला की झोपायची. एका सकाळी गोजर चहा घेऊन गेली तेव्हा ती गेलेली होती. हात सदऱ्यावर होता.

हरेश आला. थोडा वेळ आईजवळ बसला. मग उठून बाहेर आला आणि वहिनीपाशी उभा राहिला. विचारायला त्याला जड जात होतं.

“वयनी, तिरडीला बांबू लागतील. बाजारातून आनू का?”

गोजरनं कोयता घेतला आणि परसात गेली. बेटाभोवती एक फेरी मारली. टिचकी मारून बघितलं नाही, आज त्याची गरज नव्हती. सरळ बघून दोन लांब बांबू निवडले आणि बुडख्याशी वाकली. हात सवयीनं पेराच्या खाली गेला, तिथंच कापलं. हरेशनं ते ओढून अंगणात नेले. माणसं कामट्या आडव्या बांधायला बसली. गोजर पुढं झाली, त्यांच्या हातातली दोरी तिनं ओढून बघितली आणि दोन गाठी सोडून पुन्हा घट्ट मारल्या. कोणी तिला काही म्हटलं नाही.

भूमिकानं विचारलं, “आये, आजीबरोबर बाबांचा सदरा देऊ?”

“दे,” गोजर म्हणाली.

माणसं तिरडी उचलून गेली. बायका वळणापर्यंत जाऊन परत आल्या आणि आपापल्या घरी पांगल्या. भूमिका खाटेवरची अंथरुणं काढायला आत गेली. गोजर एकटी अंगणात उभी राहिली. वाल्मिकला ताडावर चढलेला पाहिलेलं माणूस आता गावात कोणी उरलं नव्हतं. त्याच्याबद्दल आणखी काय काय विचारायचं राहून गेलं, ते तिला एकेक करून आठवायला लागलं. तो पहिल्यांदा चालला तेव्हा काय वय होतं, त्याच्या कपाळावरची खूण कशानं झाली, लहानपणी कशाला भ्यायचा.

अंगणभर बांबूचे शेंडे आणि पानं पडली होती. तिनं ती गोळा करून कडेला केली, झाडून घेतलं. मग तीन दगड मांडून मोठं पातेलं वर ठेवलं. माणसं नदीवरून परत येणार होती, त्यांना अंघोळीला पाणी लागणार होतं.